उम्म नासिरची परवानगी

"हे बटण दाबलं की झालं ना?" कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत उम्म नासिरनं विचारलं.

"हो यम्मा. पण आधी नीट वाचून तर घ्या."

"वाचायचं काय त्यात? तू चाललीस, एवढंच असणार."

मेंदीनं रंगलेल्या बोटानं तिनं फोनवरचं हिरवं बटण दाबलं आणि तांदळातला खडा फेकावा तसा फोन उशीवर टाकून दिला.

हे इतक्या सहज होईल असं कुसुमाला वाटलंच नव्हतं. तिचं रहिवासी कार्ड महिनाअखेरीस संपत होतं. त्याआधी नव्या नोकरीच्या नावावर बदली झाली नाही, तर कुवेत सोडायचं, नाहीतर पोलीस दिसला की गल्ली बदलायची. आणि जुन्या मालकिणीनं परवानगी दिल्याशिवाय बदली होत नाही. ओळखीतल्या कितीतरी बायका या एका बटणापाशी अडकलेल्या तिनं पाहिल्या होत्या.

"कार्ड संपलं की मी गावी जाते," असं तिनं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा उम्म नासिरनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. पण कुसुमाचाही इलाज नव्हता. लेक रांगत होती तेव्हा ती श्रीलंकेहून इथं आली. आता सन्दुनी आजीच्या डोक्यावरून बघायला लागली होती. घरकामाला सुटी नसते. दर उन्हाळ्यात जायचं ठरलं की उम्म नासिरचं काहीतरी निघायचं. कधी गुडघा, कधी रक्तदाब, काहीच नसलं तर नुसतं रडू. आणि कायमचं निघून जावं, तर गावच्या घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात बशीरभाईनं, घरच्या ड्रायव्हरनं, बातमी आणली.

"एका बालवाडीत बाई हवीय. उन्हाळाभर शाळा बंद. दरवर्षी लेकीला भेटून ये की."

एरवी तो आरशातून बघत गप्पा मारायचा. त्या दिवशी मात्र त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

कुसुमानं बालवाडीत जाऊन सगळं विचारून घेतलं. कामाचे तास, राहायची खोली, आठवड्याची सुटी, आजारी पडलं तर काय. बालवाडी चालवणारी रीमाबाई बैरूतची. ती हसायला लागली. "अगं, तू नोकरी बघायला आलीस की सोयरीक जमवायला?" बालवाडीच्या अटी दोनच होत्या. सांगू ते काम करायचं, आणि एकदा बदली झाली की तीन वर्षं दुसरीकडे जायचं नाही. कुसुमाला काय, तीन वर्षं म्हणजे तीन उन्हाळे.

बटण दाबून झालं आणि ती म्हातारीच्या केसांना तेल लावायला बसली. दोघींना जुन्या गोष्टी आठवायला लागल्या.

"आलीस तेव्हा तुला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं."

"आणि तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात मासळीबाजारात एकटीला सोडलंत."

"म्हणून तर भाषा आली! मासेवाल्याच्या शिव्या त्यालाच परत देऊन घरी आलीस. नासिरच्या बापाला हसून हसून ठसका लागला."

"आणि ते धुळीचं वादळ? दुपारी चारला घरात अंधार झाला."

"तिन्ही पोरं तुझ्या मांडीवर," उम्म नासिर म्हणाली. "मी तुझ्या पाठीला टेकलेली. तू कसलंसं गाणं म्हणत होतीस. नासिर अजून गुणगुणतो ते. त्याच्या बायकोला वाटतं, लग्नाआधीच्या कुठल्या मैत्रिणीचं आहे."

दोघी हसल्या, आणि ते हसू रिकाम्या घरात घुमलं. नासिरचा बाप गेला होता. मुलं आपापल्या घरी राहत होती. एके काळी पाय ठेवायला जागा नसायची, त्या दिवाणखान्यात आता घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"उद्यापासून वेणी कोण घालणार?"

"सूनबाईंना सांगा."

"ती? हातमोजे घालून येईल."

कुसुमानं वेणी नेहमीपेक्षा सावकाश घातली. एक गोष्ट मात्र तिला बोचत राहिली. बालवाडी कुठली, कशी, कोणाची, उम्म नासिरनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. इतकी वर्षं एका छताखाली काढली, तरी चौकशीसुद्धा नाही? रागावली असेल, तिनं मनाची समजूत घातली.

बदली मंजूर झाल्याचा निरोप फोनवर आला, तेव्हाच तिनं गावी फोन लावला.

"या उन्हाळ्यात येते गं. नक्की."

"मागच्या खेपेलाही नक्कीच होतं," सन्दुनी म्हणाली.

"तेव्हा दुसऱ्याच्या हातात होतं, बाळा. आता नाही."

निघताना उम्म नासिर काठी टेकत दारापर्यंत आली. कुसुमाच्या ओढणीवर तिनं ऊदाचा धूर दिला, गालाचा मुका घेतला. रडली नाही. रडली ती कुसुमाच, बालवाडी येईपर्यंत. बशीरभाईनं गाडीतला आरसा वर फिरवून ठेवला होता.

बालवाडीच्या दारात इवल्या बुटांची रांग होती. आतून बेसूर, खणखणीत गाणं येत होतं. दारातच उभ्या एका मुलीच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, तशी कुसुमा आपसूक खाली वाकली. नाडी बांधता बांधता तिला वाटलं, अशी सन्दुनीची आपण एकदाही बांधली नाही.

"मुलं राहू देत," मागून रीमाबाई म्हणाली. "आधी मालकीणबाईंशी बोलून घे."

"म्हणजे? मालकीण तुम्ही नाही?"

"मी पगारी, तुझ्यासारखीच. शाळेचा परवाना इथल्याच माणसाच्या नावावर लागतो. सगळं विचारलंस गं तू त्या दिवशी, हे तेवढं विचारलं नाहीस."

तिनं नंबर लावला आणि कुसुमाकडे न बघता फोन पुढं केला.

"झाली ना बदली पक्की?" पलीकडून उम्म नासिर म्हणाली. "मग ये आता घरी. आणि येताना वेलची आण, संपलीय."