मावशीचा पेपर

शाळेतून निवृत्त झालेली माझी मावशी चावट प्रेमकथा लिहून ऑनलाइन विकते. कायद्याची काही आडकाठी नाही; पण वाचकांचे पैसे तिच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने बजावलं, "आक्षेपार्ह मजकूर काढा, नाहीतर खातं बंद करू."

"आता गं मावशी?"

"आता काय! तीस वर्षं पेपर काढलेत मी," म्हणत तिने कथेतले सगळे नको ते शब्द खोडले, त्या जागी रेघा ओढल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : रिकाम्या जागा भरा.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं.



"आमच्या तिन्ही तपासनिसांनी सर्व जागा भरून पाहिल्या. मजकूर पूर्वीपेक्षा जास्त अश्लील झाला आहे."