दोन ओव्यांचं पाणी

"भट्टीमा फुलनं बाई, लाल लोखंडनं फूल,
पानीमा न्हाईसन निजनं, जसं तान्हं मूल."

जात्यावर बसून मंजुळाबाई गायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सुनंदाच्या कानातून तो आवाज गेला नव्हता. आज ती आईची तीच ओवी घड्याळ लावून गात होती. नऊ सेकंद. पुन्हा गायली. नऊच.

भट्टीसमोर जुनं गिऱ्हाईक मगन तडकलेली कुऱ्हाड घेऊन उभा होता. "उखर्डूनाना, हाई कुऱ्हाड शे का पापड?"

"आजकाल लोखंडच खोटं येस," नाना पुटपुटले.

या महिन्यातली ही पाचवी. एकेकाळी शिरपुरात उखर्डू लोहाराच्या पाण्याचं नाव होतं. तापलेलं पातं भट्टीतून काढायचं, लाली नेमकी उतरू द्यायची, मग पाण्यात बुडवायचं. घाई झाली तर पातं तडकतं, उशीर झाला तर मऊ राहतं. सुनंदा घरी असली की नाना तिची परीक्षा घेत, "सांग व पोरी, लाली उतरनी का?" ती हो म्हणाली की बुडवत. तिला वाटे, बाप शिकवतोय. हा महिना मात्र तिचा बी.एस्सी.च्या परीक्षेत गेला होता.

आता तिला एम.एस्सी.साठी जळगावला जायचं होतं. अर्जाचे दोन दिवस उरले होते. नाना नुसते 'नही' म्हणत. काल चिडून बोलले, "तुनं गणित कुऱ्हाडले पानी पाजी दखाडी का? मंग जाय!"

तिने कालच कॉलेजातून उष्णता मोजायची तार आणली. निवत्या पात्याचं समीकरण मांडलं. क्षणाक्षणाला बदलणारी उष्णता चिमटीत येईना. मग लाप्लास रूपांतराने तिने ते कोडं दुसऱ्या मुलखात नेलं. तिथे बदलाचा साधा गुणाकार झाला, बेरीज-भागाकारात गुंता सुटला. माहेरी जाऊन हलकी झालेल्या लेकीसारखं उत्तर परत आलं. अठरा सेकंद.

नानांना घड्याळ कळत नसे. तिने अठराच्या दोन ओव्या केल्या.

"भात्याचे मोजून साठ दाब, नाना, म्हणजे ताप दरवेळी सारखाच. पातं काढा, अन् माझ्यासंगं गा."

"लोहार शे मी, गोंधळी नही!"

पण गायले. दुसऱ्या ओवीतल्या 'मूल'वर नवी कुऱ्हाड पाण्यात गेली. फस्स!

धार लागल्यावर मगनने बाभळीच्या ओंडक्यावर घाव घातला. एक. दोन. दहा. अंगठ्याने धार चाचपली. "नाना, हाई ते पहिलानागत शे!" कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो गेला.

सुनंदाने अर्ज पुढे धरला. "हरले ना? करा सही."

नाना कागदावर बोट फिरवत राहिले. सहीची जागा तिनेच दाखवली. त्यांनी सही केली, पेन खाली ठेवलं.

"दोन साल व्हयनात, पोरी. माले लालीच दिखत नही. आते तू बिनधास्त जाय."