आव कोणती

“हे एवढं गार कसं?” लॅबमधल्या नेत्रानं डबी हातात घेताच विचारलं.

दर्शनानं सासूकडे पाहिलं. गुणवंतीच्या काखेत मासळीचा थर्माकोलचा खोका होता आणि चेहऱ्यावर समाधान.

“बर्फात घालून आणलंय गो बाय. भाट्याहून रिक्षानं येईस्तोवर नासलं असतं ना!”

“आजी, ही काय सुरमई आहे?” नेत्राला हसू आलं, पण तिनं डबी बाजूला सारली. “अमीबा असलाच तर गारठून मेला असेल. तो हलताना दिसला पाहिजे. ताजी, कोमट शी हवी.”

दर्शनाचा चार वर्षांचा चिराग परवापासून कळ आली की दुमडून जात होता. शीमध्ये नुसती आव आणि रक्ताचे धागे. डॉक्टरांनी समजावलं होतं, आव दोन तऱ्हांची. एक जिवाणूंची, बहुधा तापानं फणफणवणारी. दुसरी अमीबाची, मुकाट्यानं आतडं पोखरणारी. औषध दोन्हींचं निराळं, म्हणून आधी तपासणी. दर्शनानं मोबाइलवर वाचून दोन्हींची लक्षणं पाठ केली होती, आणि तिला चिरागमध्ये दोन्ही दिसत होती. आता डॉक्टर जेवायला उठायच्या आत निकाल हवा होता.

“चिराग, येतेय का रे?”

“नाय.”

घरी सारखं मोरीकडे पळणारं पोर इथे निवांत पाय हलवत बसलं. दर्शनानं साखर-मिठाचं पाणी पाजलं. गुणवंतीनं मांडीवर घेऊन पाठ चोळली.

“कर रे माझ्या राजा. रोज न सांगता चड्डीत करतोस, आजच कसला मान हवाय तुला?”

बाकड्यावर थांबलेले सगळे पेशंट आता चिरागकडेच बघत होते. एकाएकी त्याचं तोंड वाकडं झालं.

“आई गं!”

दर्शनानं त्याला उचललं आणि धूम ठोकली. परत आली ती एका कडेवर पोर, दुसऱ्या मुठीत डबी आणि तोंडानं “झाली, झाली!” कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

नेत्रानं काचपट्टी लावली, मायक्रोस्कोपला डोळा लावला. काचपट्टी हळूहळू सरकवत राहिली.

“सापडला. या, बघा.”

दर्शना वाकली. उजेडात एक करडा थेंब होता. त्यातून पायासारखं काहीतरी पुढे आलं, आणि मग सगळा थेंबच त्या पायात वाहत गेला.

“हलतोय! अहो आई, हलतोय! अमीबाच आहे, आता औषध मिळेल!” ती जागच्या जागी नाचली, पुन्हा वाकली. “आणि त्याच्या आत हे बारीक गोळे कसले?”

“रक्तातल्या पेशी. चिरागच्याच. खाल्ल्यात त्यानं.”

दर्शनाला भिंगावरून डोळा काढता येईना.

खालून कुणीतरी तिची ओढणी ओढली.

“आई, मला पण भूक लागलीय.”