नवा पंप

रंगराव मुलगी बघायला तळेगावहून आमच्या घरी चाकणला आला. गाड्यांचं मिस्त्रीकाम येतं म्हणाला. नुसत्या बोलण्यावर पोरगी कोण देतो? मी त्याला अंगणात नेलं.

"पाव्हणं, पिकअप सकाळधरनं चालू व्हत न्हाई. पेट्रोलचा पंप गेलाय. नवा आणून ठेवलाय, बसवून दावा."

त्यानं नवा सदरा काढून कुंपणावर टाकला आणि बॉनेट उघडलं. आतला चहा निवायच्या आत गाडी सुरू झाली. माझी कुसुम दारातून बघत होती.

"बसवला पंप?" मी विचारलं.

त्यानं नवा पंप माझ्या हातात परत दिला.

"जुना चांगला हाय, मामा. नळीचा नट तुमी सैल केलाता. तुमच्या बोटाला वंगण हाय अजून. ह्यो रुखवतात मांडा."