नववी फेरी

ड्रायव्हरबाईंनी चौथा मेमो वाचला, त्याची घडी घातली आणि सही न करताच तो वेळापत्रकवाल्याच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, पाचवा आला की मी घरी. मान्य. पण त्याआधी एक दिवस माझ्या बसमध्ये बसा. उशीर कुठे होतो, ते तुम्हीच पकडून द्या."

वेळापत्रकवाल्याला डेपोत सगळे सेकंदकाटा म्हणत; अर्थात पाठीमागे. चहा उकळेपर्यंत हा माणूस दाढी उरकायचा आणि चहा निवेपर्यंत बुटांना पॉलिश. "तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी वेळापत्रकात जागा मागावी लागते," असं बायको म्हणायची. तेही तो पुरतं ऐकायला थांबत नसे.

तीन महिन्यांपूर्वी त्याने एक पराक्रम केला होता. दर फेरीनंतर बस डेपोत सहा मिनिटं नुसती उभी राहायची. ती त्याच्या डोळ्यांत खुपायची. आठ फेऱ्यांची अठ्ठेचाळीस मिनिटं त्याने काढून घेतली, आणखी सहा जेवणाच्या सुट्टीतून चिमटीने उचलली, आणि त्याच पाळीत चोपन्न मिनिटांची नववी फेरी बसवली. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून बाईंची बस रोज उशिरा येऊ लागली आणि बाईंना मेमो मिळू लागले.

"बसतो की," सेकंदकाटा म्हणाला. "आणि काही सापडलं ना, तर पाचवा मेमो मीच लिहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. वहीत 'कारण', 'सेकंद' आणि 'दोष कोणाचा' असे तीन रकाने.

पहिल्या थांब्यावर एक आजोबा चढले. प्रत्येक पायरीशी वाटाघाटी करत चढले. बावीस सेकंद. मग जुळ्यांची बाबागाडी घेऊन एक आई आली. बाबागाडी मिटेना, आणि मिटली तेव्हा जुळ्यांनी भोकाड पसरलं. एक मिनिट दहा. पुढे एका गृहस्थाने दारात पाय रोवून विचारलं, "ही दवाखान्यावरून जाते का?" जाते म्हटल्यावर म्हणाला, "मग राहू दे, मला नाही जायचं तिकडे." अठरा सेकंद.

बाई कुठे रेंगाळल्या नाहीत, कोणाशी गप्पा मारल्या नाहीत. फेरी संपली तेव्हा बस पाच मिनिटं मागे होती आणि वहीतला तिसरा रकाना कोरा होता.

साहजिकच दुसरी फेरी पाच मिनिटं उशिरा सुटली. तोवर थांब्यांवर आणखी माणसं साचली होती. माणसं जास्त, म्हणून उशीर जास्त. उशीर जास्त, म्हणून पुढच्या थांब्यावर माणसं आणखी. उशिराला पिल्लं होतात हे सेकंदकाटा पहिल्यांदाच पाहत होता. कागदावर ती कधी झाली नव्हती. दुपारपर्यंत बस अर्धा तास मागे पडली.

पुढची काच उन्हाने तापली होती. त्याने आपली बाटली पुढे केली.

"बाई, घोटभर पाणी घ्या. सकाळपासून घेतलं नाहीत."

"नको साहेब."

"घ्या हो. पाण्याला कसला संकोच?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं," रस्त्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "जायला वेळ कुठे लिहिलाय तुम्ही?"

बाटली त्याच्या हातातच राहिली. थोड्या वेळाने त्याने वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला: माझा.

आठवी फेरी संपेपर्यंत पाळी संपत आली होती. नववी रद्द झाली. सेकंदकाट्याने नोंदवही मागवली आणि पानं उलटली. तीन महिन्यांत नववी फेरी चार वेळा धावली होती.

"एक फेरी कमी करायची?" मॅनेजर खुर्चीतून उठलाच. "अहो, पाठ थोपटली होती तुमची! आता काय, थाप परत घेऊ?"

"कमी कुठे, साहेब? कागदावर नऊ, रस्त्यावर आठ. धावते तेवढीच लिहितोय."

"आणि ती सहा मिनिटं? नुसती उभी करायची बस?"

"नुसती."

"एवढं करून उशीर झाला तर?"

"तर पुढचा मेमो माझ्या नावाने. बाईंचे चारही आजच फाडा."

मॅनेजरने महिन्याची मुदत दिली. महिनाभर बस वेळेवर सुटली तर चार मेमो फाडायचे. नाही तर त्या चारांत पाचवा घालायचा आणि सेकंदकाट्याला वेगळा.

एकोणतीस दिवसांत एकही फेरी उशिरा सुटली नाही, एकही रद्द झाली नाही. मॅनेजरचा विश्वास बसेना. तिसाव्या दिवशी दुपारी साडेतीनला तो स्वतः आवारात उतरला, हातात घड्याळ आणि खिशात कोरा मेमो घेऊन.

बस दोन मिनिटं उशिरा आत आली आणि इंजिन बंद झालं. बाई घाई न करता उतरल्या, आत जाऊन आल्या, तोंडावर पाणी मारलं, भरपूर प्यायल्या आणि बाकावर टेकल्या. शेजारी सेकंदकाटा हात मांडीवर ठेवून बसला होता. काहीही न करता.

"सापडलात!" मॅनेजर पेन काढत म्हणाला. "आधीच दोन मिनिटं उशीर, आणि वर बस उभी?"

"घड्याळ बघा साहेब, सुटायला अजून एक मिनिट आहे," सेकंदकाटा म्हणाला. "उभी नाहीये ती. वेळेवर धावतेय."