ड्यूटीवरची झोप

“तुमचा नवरा ड्यूटीवर झोपला होता, बाई. झोपेतच गेला. त्याला कंपनी काय करणार?” लोखंडाच्या भट्टीच्या माथ्यावर, तो मेला त्याच जागी उभं राहून साहेब म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “खनिजातला ऑक्सिजन ओढून घेणारा भट्टीतला गॅस माणसाला सोडेल होय? त्याला वासही नसतो, नुसती गुंगी येते. गळती आहे म्हणून ते रोज कानीकपाळी ओरडत होते!”

“गळतीबिळती काही नाही. सगळं ठणठणीत आहे.”

तेवढ्यात साहेबांच्या कॉलरला लावलेलं गॅस ओळखणारं यंत्र किंचाळू लागलं. असं यंत्र तिच्या नवऱ्याला कधी मिळालंच नव्हतं. साहेबांनी जिन्याकडे धूम ठोकली. त्यांच्यामागे उतरता उतरता ती ओरडली, “का हो साहेब, झोप येत होती का?”