घाटावरचा निरोप

सिनेमा सुटला तशी शर्मिष्ठा थेट समोरच्या कॉफीच्या दुकानात शिरली. मागोमाग उमाकांत, एग्मोरच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेला तिचा बाप.

ड्रॅगन पाळणाऱ्या पोरीच्या त्या सात पुस्तकांची शर्मिष्ठा लहानपणापासूनची भक्त. पुस्तकावरून सिनेमा निघाला की आपल्या चॅनलवर ती त्याची अशी सालटी काढायची, की चाळीस हजार माणसं ऐकायला बसत.

‘‘ड्रॅगन ओके. गाणी ओके. पण आईला सुरुवातीलाच मारून टाकलं, बाबा. घाटावरचा निरोप कापला. पुढच्या भागांत आई नसते, कबूल. पहिल्या भागात असते ना? आज चॅनलवर या सिनेमावाल्यांना धारेवर धरते.’’ तिने फोन कॉफीच्या पेल्याला टेकवून उभा केला.

पहिला भाग उमाकांतनेच तिला वाचून दाखवला होता, इंग्रजीचं मराठी करत, रोज संध्याकाळी नुंगंबाक्कमच्या घराच्या पायरीवर. पुढचे सहा तिने स्वतः वाचले. पहिला मात्र बाबांच्या आवाजातच राहू दे म्हणून कधी उघडलाच नाही. काय दिवस होते ते. ऐकता ऐकता ती त्याच्या शर्टाचं बटण पिळत बसायची आणि घाटावरचा निरोप आला की पुन्हा वाचा म्हणून हट्ट धरायची.

‘‘आई गूळपोळ्यांचं गाठोडं देते,’’ ती सांगत होती, ‘‘आणि म्हणते, पोचल्याबरोबर कार्ड टाक. गूळपोळ्या तुमच्या, ते कळतं मला. खरं केकबिक असणार. पण दोन मिनिटांचा सीन, तोही ठेवता आला नाही?’’

मूग गिळून बसावं, तर पोर चाळीस हजार लोकांपुढे तोंडघशी पडणार. बोलावं, तर तिचा तो घाट कायमचा जाणार. उमाकांतने घसा साफ केला.

‘‘शमू, थांब जरा. पुस्तकात तो प्रसंग नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘त्या पोरीला आईच नाही. पहिल्याच पानावर ती गेलेली असते.’’ त्याची नजर टेबलावरून उठेना. ‘‘तू आठ वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन महिना झाला होता. ते पान वाचायला माझी जीभ रेटेना. मग मी तिला जिवंत ठेवली, पहिलं पुस्तक संपेपर्यंत.’’

शर्मिष्ठाने फोन पालथा ठेवला. वेटर येऊन ‘‘इन्नोरु कापी, सार?’’ म्हणत आणखी एक कॉफी हवी का विचारून गेला. पहिलीच कॉफी तशीच होती. आता ही रडेल, नाहीतर रागावेल, असं उमाकांतला वाटलं. दोन्ही चाललं असतं.

तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

‘‘मग सिनेमाची चूक नाही, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘तो प्रसंग पुस्तकानेच गाळलाय.’’